जुन्या निगेटिव्हचा घरगुती स्लाइड-शो

कच्चा रंग उडतो, हे आम्हां कापडवाल्यांना ठाऊकच आहे. रंगीत फिल्मचेही तेच. म्हणून लग्नाच्या रंगीत निगेटिव्ह आधी स्कॅन कराव्यात. फ्रेम अवघी २४ बाय ३६ मिलिमीटरची. इंचाला २४०० ठिपके ठेवले की सुमारे ३४०० बाय २२७० ठिपक्यांचे चित्र मिळते. फुल एचडी टीव्हीला १९२० बाय १०८० पुरतात. इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय जुन्या कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवावी. तिच्यातल्या चांदीलाच यंत्र धूळ समजते. लालसर झाक काढावी, चेहरे मात्र गोरे करू नयेत. ती स्टुडिओवाल्यांची जुनी खोड! पडदा भरावा म्हणून चित्र कापाल तर मागच्या रांगेतल्या चाचांची टोपी जाईल. बाजूंना काळी पट्टी राहू द्या. आणि नावे? फुफीजान चेहरे ओळखतात तोवर लिहून घ्या. त्यासाठी स्कॅनिंग थांबले तरी चालेल.