एकच बॅटरी, तीन तऱ्हेचा उजेड

सगळ्या जमलात ना? ज्यांच्या घरी बॅटरी आहे त्यांनी ती आज हातात घेऊनच बसा. नसेल तर मोबाइलचा टॉर्चही चालेल. आपण जिला बॅटरी म्हणतो तिला शहरात टॉर्च म्हणतात, आणि पुस्तकात विजेरी. आपण आपली बॅटरीच म्हणू, आणि तिच्यात घालतो ते सेल.

दुकानात बॅटरी घेताना आपण काय विचारतो? "किती लांब जाते?" दुकानदार ती समोरच्या झाडावर मारून दाखवतो, आपण खूश होतो आणि घेऊन येतो. पण घरी आल्यावर ती झाडावर मारायचं काम किती वेळा पडतं? बाईच्या हातातल्या बॅटरीची खरी कामं वेगळी असतात. रात्री परसाकडे जायचं असतं. लाइट गेलेली असताना चुलीवरची भाजी बघायची असते. गोठ्यात गाय अडलेली असते. शेतीची लाइट रात्रीची आली की पाणी द्यायला मालकांबरोबर आपणही जातो. या प्रत्येक कामाला लागणारा उजेड वेगळा असतो, आणि बॅटरी मात्र एकच असते. म्हणून आज आपण घरातल्याच वस्तू वापरून तिचा झोत हवा तसा कसा करायचा ते बघू.

झोत म्हणजे काय?

बॅटरीच्या तोंडात वाकून बघा. आधी ती बंद करा हं, चालू असताना डोळ्यांसमोर धरू नका. आत एक चकचकीत वाटी दिसेल. बल्बचा उजेड चहूकडे फाकतो. वाटी तो गोळा करते आणि एका दिशेने पुढे ढकलते. काही नव्या बॅटऱ्यांना वाटीऐवजी पुढे जाड भिंग असतं आणि तोंड पुढे-मागे सरकतं. तोंड पुढे ओढलं की झोत बारीक होतो, मागे ढकललं की पसरतो. बारीक झोत भिंतीवर मारला तर कधी कधी पिवळट चौकोनी डाग दिसतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही. आतल्या एलईडीच्या चौकोनी तुकड्याचंच ते चित्र असतं.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरच्या उपायांनी उजेड वाढत नाही, तो फक्त वेगळा वाटला जातो. भाकरीच्या गोळ्यासारखं आहे हे. पीठ तेवढंच. लहान थापली तर जाड, मोठी थापली तर पातळ. भाकरी दुप्पट रुंद थापली तर जाडी निम्मी नाही, पाव होते. उजेडाचंही तसंच. भिंतीवरचा डाग दुप्पट रुंद केला तर त्याचा प्रखरपणा पाव होतो. म्हणून आधी विचारायचं, "मला आत्ता जाड भाकरी हवी की पातळ?"

पहिला उजेड : हाताच्या कामाचा

बारीक झोतात भाजी चिरून बघा. मधे डोळे दिपतात, कडेला अंधार, आणि सुरीची काळी सावली नेमकी बोटावर. जवळच्या कामाला मऊ, पसरलेला उजेड लागतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुधाची रिकामी पिशवी. स्वच्छ धुवा, वाळवा, आणि उन्हाकडे धरून बघा. उजेड पलीकडे आला पाहिजे, पण पलीकडची वस्तू स्पष्ट दिसता कामा नये. आतून काळी असलेली पिशवी उपयोगाची नाही. छपाई नसलेला पांढरा तुकडा बॅटरीच्या तोंडापेक्षा दोन बोटं मोठा कापा, तोंडावर ताणून बसवा आणि रबरबँड लावा. झालं. डोळे दिपवणारा डाग गेला आणि सगळीकडे सारखा उजेड आला. एक थर पुरतो. दोन थर लावले तर जास्त मऊ होतो, पण प्रत्येक थर थोडा उजेड खातो.

पिशवी नसेल तर कागदाला तेल लावा. भज्यांचं तेल लागलेला कागद उजेडाकडे धरला की पलीकडचं दिसायला लागतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कोऱ्या कागदाच्या तंतूंमधे बारीक बारीक हवा असते. तिथे उजेड आपटून मागे फिरतो. तेल त्या फटी भरतं, म्हणून उजेड आरपार येतो. मात्र हा कागद फक्त एलईडीच्या साध्या बॅटरीला लावायचा. जुन्या, तारेच्या बल्बच्या मोठ्या बॅटऱ्या तापतात. त्यांना कागद नको, आणि चुलीजवळ तर तेलकट कागद नकोच नको.

घरभर उजेड हवा असेल तर बॅटरी उभी करा आणि झोत वर मारा. आढं किंवा छत चुन्याने पांढरं असेल तर उजेड तिथून परत फिरून खोलीभर पसरतो. धुराने काळं झालेलं आढं मात्र उजेड गिळून टाकतं. तिथे भिंतीला पांढरं धोतर किंवा ओढणी टांगा आणि झोत तिच्यावर मारा. स्टीलचं ताट लावू नका, ते आरशासारखं चमकून डोळ्यांत जातं.

दुसरी युक्ती पाण्याच्या बाटलीची. एक लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने भरा, त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका आणि झाकण घट्ट लावा. बॅटरी एखाद्या रुंद पेल्यात तोंड वर करून उभी करा. तिचं तोंड पेल्याच्या काठाशी आलं पाहिजे. त्यावर बाटली ठेवा. सगळी बाटली कंदिलासारखी उजळते. दुधाचे बारीक कण उजेड अडवून चहूकडे फेकतात. दूध जास्त झालं तर उजेड तळाशीच अडकतो, म्हणून थेंब मोजून टाका. मोबाइलवर बाटली ठेवणार असाल तर तिचा तळ कोरडा करा. पाणी दुसऱ्या दिवशी ओतून द्या, आणि भरलेली बाटली उन्हात ठेवू नका. भरलेली बाटली भिंगासारखं काम करते, वाळलेलं गवत पेटू शकतं.

दुसरा उजेड : पायाखालचा

मैत्रिणींनो, आता नीट ऐका. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक खेड्यातली, आणि जवळजवळ निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. पेरणी, खुरपणी, उंच गवत, हे आपलेच दिवस. घोणस पाचोळ्यात पडली की पाचोळाच वाटते. फुरसं तर मातीच्या रंगाचं. मण्यार रात्रीच बाहेर पडते.

वाटेवर चालताना बारीक झोत दहा पावलं पुढे मारला तर पुढचं दिसतं, पायाजवळचं नाही. अगदी पसरलेला केला तर पायाजवळचं दिसतं, पुढचं नाही. म्हणून दोन्ही ठेवायचं. पिशवीचा तुकडा पूर्ण तोंडावर न लावता खालच्या अर्ध्या भागावर लावा. उघड्या अर्ध्यातून झोत पुढे जातो, झाकलेल्या अर्ध्यातून मऊ उजेड पायाशी सांडतो. तोंड सरकणारी बॅटरी असेल तर ते मधोमध ठेवलं तरी चालतं.

पण झोतापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बॅटरी कुठे धरता ती. डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आता घरोघरी आल्या आहेत. धार काढायला, स्वयंपाकाला त्या फार चांगल्या, दोन्ही हात मोकळे राहतात. वाटेवर मात्र त्यांची एक खोट आहे. उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो, त्यामुळे वस्तूची सावली वस्तूच्या मागेच लपते. खड्डा, दगड, वेटोळं, सगळं सपाट दिसतं. तीच बॅटरी हातात घेऊन गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि उजेड आडवा पाडा. प्रत्येक खड्याची लांब सावली पडेल आणि उंचसखल लगेच कळेल. धुक्यात, पावसात, धुळीतही बॅटरी खालीच धरा. डोळ्यांजवळ धरली तर थेंबांवरून उजेड परत डोळ्यांत येतो आणि समोर नुसतं पांढरं दिसतं.

एवढं करूनही हे विसरू नका की उजेडाने साप पळत नाही. उजेडाने तो आपल्याला दिसतो, इतकंच. पायात बूट, हातात काठी, हे हवंच. आणि चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. माणसाला चालू न देता, चावलेला हात-पाय न हलवता दवाखान्यात न्यायचं. १०८ ला फोन करा.

तिसरा उजेड : लांबचा आणि आडोशाचा

बांधावर कोण आहे, मोटरीपाशी काय हललं, हे बघायला बारीक झोत हवा. पुष्कळ जणी बॅटरीच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावतात आणि म्हणतात, "आता लांब जाते." लांब जात नाही. नळी फक्त कडेचा उजेड कापते. पण त्याचाही उपयोग आहे. कडेचा उजेड गेला की आपले डोळे दिपत नाहीत, शेजारी झोपलेल्या लेकराच्या तोंडावर उजेड जात नाही, आणि जनावर बुजत नाही. अगरबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा गुंडाळून चार बोटं पुढे येईल अशी नळी करा, आतून काळी ठेवा. ही नळी तोंडाभोवती लावायची. काळा कागद किंवा काळी पट्टी तोंडावर मात्र लावायची नाही. काळा रंग उजेड शोषतो आणि तापतो.

मोबाइलचा टॉर्च पसरट असतो. त्याच्यासमोर वाचायचं भिंग धरून हळूहळू लांब-जवळ करत गेलात तर एका ठिकाणी भिंतीवर लख्ख डाग पडतो. मोबाइलचा झोत बारीक करायला हीच घरची खरी युक्ती. काम झालं की भिंग पेटीत, उन्हात नाही.

आणखी एक, लाल जिलेटिन कागदाचा उजेड. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या झोताने ती सवय क्षणात मोडते. मंद लाल उजेडाने ती बरीच टिकते. रात्री बाळाला पाजायला उठलात तर लाल उजेड बरा. पण जखम, रक्तस्राव, बाळंतपण यावेळी लाल उजेड कधीही नको. लाल उजेडात पांढऱ्या कपड्यावरचं रक्त दिसेनासं होतं. बाळंतिणीचा रक्तस्राव बघायचा तर पांढराच उजेड, पिशवी लावून मऊ केलेला. बाळाला कावीळ आहे का हे तर बॅटरीत बघूच नका, दिवसाच्या उजेडात बघा आणि आशाताईंना दाखवा.

हे करू नका

काहीही लावण्याआधी सेल तपासा. उजेड मंद असेल तर दोष बहुतेक वेळा झोताचा नसून सेलचा असतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. आतली चकचकीत वाटी पदराने पुसू नका, तिच्यावरचा मुलामा खरवडला जातो. बाहेरची काच तेवढी पुसा. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, त्याच्या वाफेने प्लॅस्टिकची काच पांढुरकी होते. रबरबँड बरा, लावला तसा काढता येतो. चार्जिंगची बॅटरी उघडून तारा बदलू नका. फुगलेला सेल वापरू नका. चार्जिंग करताना वर काही गुंडाळलेलं ठेवू नका.

आता या आठवड्याचं काम. बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने आपली बॅटरी, दुधाची एक धुतलेली पिशवी आणि दोन रबरबँड आणायचे. लाइट बंद करा, भिंतीपासून पाच हातांवर उभ्या राहा आणि झोत मारा. डागाच्या कडेला खडूने गोल काढा. मग पिशवी लावा आणि पुन्हा गोल काढा. नंतर जमिनीवर एक दोरी वेटोळं करून टाका. आधी बॅटरी कपाळाशी धरून बघा, मग गुडघ्याशी धरून. कुठून दोरी लवकर दिसली ते एकमेकींना सांगा. सुनांना आणि शाळेतल्या मुलींनाही बोलवा, कारण रात्री दाराबाहेर त्याही जातात.

पिशवीचा तो तुकडा रबरबँडसकट बॅटरीच्या दोरीलाच बांधून ठेवा, म्हणजे अंधारात शोधावा लागणार नाही. बैठकीत काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.