नाणेघाटाचा आकडा, राहुटीचा फलक

नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राजकुळातल्या माणसांचे पुतळे होते. ते केव्हाच फुटले. पायांचे अवशेष तेवढे राहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर कोरलेलं नाव मात्र अजून वाचता येतं: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सिरी सातकणी, पुढे राजकुमार, एक महारठी. चित्र गेलं आणि मथळा उरला. बाजूच्या भिंतींवर यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा लांबलचक ब्राह्मी लेख आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख देवी नायनिकेचा, म्हणजेच नागनिका राणीचा मानतात. त्यात गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांची मोजदाद अंकचिन्हांत कोरलेली आहे, आणि भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्या चिन्हांचा उलगडा केला. अक्षरांवर आणि आकृतींवर पोट असलेल्या माणसाला जुन्नर तालुक्यात शिकण्यासारखं सर्वांत जास्त काही या आकड्यांत आहे, असं मला वाटतं. पण शिकायचं काय, यावरच सारं अडतं.

सहलीला गेलेला डिझायनर बहुधा त्या चिन्हांचं वळण उचलतो. फोटो काढतो, रेघा गिरवतो, आणि पुढच्या महिन्यात एखाद्या चहाच्या पाकिटावर ब्राह्मीसारखं काहीतरी उगवतं. खरी गंमत वळणाच्या पलीकडे आहे. या पद्धतीत शून्य नाही आणि स्थानावरून किंमतही ठरत नाही. दहाला, विसाला, शंभराला, हजाराला वेगळी चिन्हं आहेत. मग दोनशे कसे लिहायचे? शंभराच्या चिन्हाला एक रेघ जोडायची, तीनशेला दोन. चारशेसाठी त्याच चिन्हाला चाराचं चिन्ह चिकटवायचं, सातशेसाठी साताचं. हजारालाही तीच युक्ती. म्हणजे मोजक्या आकारांतून आणि जोडण्याच्या एका नियमातून हजारोंची मोजणी उभी राहते. आपल्या जोडाक्षरांशी या विचाराचं जवळचं नातं आहे. हा नियम ज्याने उचलला तो त्यातून बसचे क्रमांक करील किंवा दवाखान्यातल्या खोल्यांच्या पाट्या करील, आणि त्यात ब्राह्मीचा एक फाटाही दिसणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: प्रवासातून रूप आणलं तर ते एका कामापुरतं पुरतं, रूपामागचं कारण आणलं तर ते पुन्हापुन्हा वापरता येतं.

हा वाद जुना आहे. ओवेन जोन्सने १८५६ साली जगभरची वेलबुट्टी एका ग्रंथात सुंदर छापून काढली, भारताचीही. नक्षी कुठून आली ते त्याने सांगितलं, पण ती ज्या भिंतीची किंवा वस्त्राची होती ते पानाबाहेरच राहिलं. शंभर वर्षांनी डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरले आणि १९५८च्या अहवालात साध्या लोट्यापाशी थांबले. त्यात पाणी किती मावतं, भरलेला असताना तोल कुठे जातो, हात कुठे बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, हे प्रश्न त्यांनी विचारले. त्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याचं चित्र छापून ती उभी राहिली नसती.

यावर पहिला आक्षेप जुन्नरच्याच डोंगरांतून येतो. तालुक्यात दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतली चैत्यगृहं तर उघडउघड नक्कल आहेत. कमानीखालची वाशांची टोकं आणि वेदिकेच्या आडव्या पट्ट्या ही सारी लाकडी बांधकामाची अंगं. दगडात त्यांचं काहीच काम नाही. छत मुळात डोंगराचंच आहे. मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला रूप उचलायची मुभा होती, तर आजच्या पोराला का नको? आक्षेप वजनदार आहे. पण नीट पाहिलं तर पाथरवटाने रूप कारणासकट उचललं होतं. भाविकाला हे देवघर आहे हे लांबून कळायला हवं, आणि ती ओळख लाकडाच्या कमानीशी जुळलेली होती. कमान आल्यावर तिचं काय करायचं हे त्याने दगडाच्या सोयीने ठरवलं. मानमोडीच्या भूतलिंग लेण्यात त्या कमानीच्या अर्धवर्तुळात पाकळ्या उमलल्या आहेत, मधोमध गजलक्ष्मी आहे, आणि चंद नावाच्या यवन दात्याचा लेखही तिथेच आहे. तुळजा लेण्यात तर आराखडाच गोल झाला: मधे स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब. नक्कल करणाऱ्याने वस्तू बदलली, हा त्या नकलेचा जामीन. चहाच्या पाकिटावरच्या ब्राह्मीला असा जामीन नसतो.

रूपामागचं कारण आजच्या कामात पाहायचं तर याच तालुक्यात नारायणगावच्या पूर्वेला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; चौदा मध्यभागी, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर पसरलेल्या. त्या लांबून जाळीदार, जवळजवळ पारदर्शक दिसतात. हे नाजूकपण हौसेचं नाही. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लांब तरंगलांबीच्या लहरी पकडायच्या होत्या. त्या लहरींना भरीव पत्रा लागत नाही, ताणलेल्या तारांची जाळी पुरते. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्च घटतो. काय गाळलं तरी काम अडत नाही, हा प्रश्न पोस्टर करणाऱ्यानेही रोज विचारावा असा आहे.

आणि आता नारायणगावातच येऊ. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची यात्रा कमिटीची मंडळी सुपारी द्यायला येतात. राहुटीसमोरचा फलक हे ग्राफिक डिझाइन आहे, कुणी तसं म्हणो न म्हणो. त्याचा वाचक नक्की आहे: चार पंच, उभे, एका राहुटीवरून दुसरीकडे निघालेले. त्यांना फडाचं नाव लांबून वाचता आलं पाहिजे, आणि फडाचं नाव म्हणजे घराणं अधिक गाव. आता अक्षरं बघा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावातला ‘नारायणगावकर’ हा शब्द आठ अक्षरांचा, पण त्याला वेलांटी, उकार, मात्रा काहीच नाही, नुसते काने. शिरोरेषेच्या वर काही जात नाही, खाली काही लोंबत नाही. त्यामुळे पट्टीची सगळी उंची अक्षराच्या अंगाला देता येते. ‘सातारकर’चंही तेच. ‘कवलापूरकर’ला खाली उकाराची जागा सोडावी लागते, ‘ढवळपुरीकर’ला वर आणि खाली दोन्हीकडे, तेवढ्याच पट्टीत ती अक्षरं बारीक होणारच. पेंटरला हे शिकवावं लागत नाही, सुताने खडूची रेघ मारतानाच कळतं. टोमॅटोच्या क्रेटवर साच्यातून मारलेल्या मालकाच्या नावातही हीच शिकवण आहे: ‘व’चं पोट साच्यातून गळून पडू नये म्हणून पत्र्याचा पूल ठेवावा लागतो, आणि तो तुटका ‘व’ हीच त्या अक्षराची ऐट होते.

कुणी म्हणेल, आता फ्लेक्स आला, हा सारा हळहळीचा मामला. फ्लेक्सला मी नावं ठेवणार नाही. तो झटपट होतो आणि त्यावर कलावंतांचे चेहरे दिसतात. सुपारी देणाऱ्याला चेहरेही पाहायचे असतात. त्याच्यामागेही कारण आहे आणि तेही टिपण्यासारखं आहे. गेलं ते एवढंच, की नाव बघून अक्षराची उंची ठरवणारा हात गेला. तयार फॉन्टला ‘पुणेकर’ आणि ‘सातारकर’ सारखेच.

दुसरा आक्षेप संग्रहाबद्दलचा: वस्तू जागेवरून उचलली की तिचं कारण मागे राहतं. खरं आहे. पण पुण्याला दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, जमवलेले दिवे आणि अडकित्ते पाहिले की दुसरी बाजू दिसते. एक अडकित्ता शोभेचा वाटतो. एकाच कामाचे अनेक अडकित्ते शेजारी आले की पातं आणि बिजागरी कुठेच हटत नाहीत, आणि मुठीवर मात्र मोर, घोडा, बाई काहीही येतं, हे आपोआप कळतं. संग्रहाचा हा उपयोग प्रवासाच्या फोटोंना सहसा साधत नाही, कारण आपण प्रत्येक गोष्टीचा एकच, सुंदर नमुना आणतो.

नारायणगाव, मंचर, जुन्नर, ओतूर भागात अनेक घरांत जत्रेची जुनी हँडबिलं, रंगवलेल्या पाट्या, गोणीवर नाव मारायचे पत्र्याचे साचे पडलेले असतील. भंगारात देण्याआधी मागे तीन गोष्टी लिहून ठेवा: गाव, साल, आणि ते अक्षर कशाने काढलं.