साबण : तेल पालटतं की मोडतं?

तत्त्वज्ञानाचा माणूस साबणावर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. शंका रास्त आहे. पण मी या विषयाकडे वळलो तो एका भाजलेल्या हातामुळे.

आमच्या शेजारच्या सूनबाईंनी हौसेने घरी साबण केला. कृती खोबरेल तेलाची होती, घरात सूर्यफुलाचं तेल होतं. 'तेल ते तेल' म्हणून त्यांनी तेच घेतलं. कॉस्टिक सोडा मात्र कृतीत दिला होता तेवढाच. वड्या सुरेख पडल्या, पण वापरल्यावर हातांची आग आग झाली. मला म्हणाल्या, "सर, सोडा तर तेलात जिरला ना? मग भाजलं कशानं?"

'जिरला' या शब्दातच सगळी मेख आहे.

आपल्याकडे एक जुना वाद आहे. कच्चा घडा भट्टीत लाल होतो, तेव्हा नेमकं काय होतं? नैयायिक म्हणतात, घडा तसाच राहतो, रंग तेवढा पालटतो. हा पिठरपाकवाद. वैशेषिक म्हणतात, घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि घडा पुन्हा जुळतो. हा पीलुपाकवाद. आता हाच प्रश्न तेलाला विचारा.

शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्या कामातून कळलं की तेल इथे चक्क मोडतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा एक कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. सोडा हे तिन्ही सांधे तोडतो. ग्लिसरीन मोकळं होतं, प्रत्येक मेदाम्लाला एक सोडियम मिळतो, आणि तयार होणारा क्षार म्हणजे साबण. त्याचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला; म्हणून मळ पाण्याबरोबर निघून जातो.

म्हणजे सोडा जिरत नाही, खर्ची पडतो. आणि तोही मोजून. तेलाच्या एका रेणूला सोड्याचे तीन. खोबरेलातल्या शेपट्या बऱ्याचशा १२ कार्बनच्या, सूर्यफुलातल्या बहुतेक १८ च्या. शेपटी आखूड म्हणून रेणू हलका, म्हणून तेवढ्याच वजनात रेणू जास्त. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, सूर्यफुलाला साडेतेराच्या आसपास. उरलेल्या साडेचार ग्रॅमना तोडायला तेलच नव्हतं. हात भाजला तो त्यांनी.

म्हणून जाणकार हिशेबापेक्षा सोडा थोडा कमीच घेतात. पाचेक टक्के तेल शिल्लक राहू देतात. आणि हो, सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं.

'आमच्या साबणात कॉस्टिक नाही' असं कुणी सांगितलं, तर ते खरं असू शकतं. 'कॉस्टिकसारख्या अल्कलीशिवाय तेलाचा साबण केला' म्हणालं, तर नाही. करताना लागणं वेगळं, केल्यावर असणं वेगळं.

आता, वैशेषिकांना साबणाचं रसायन ठाऊक होतं, असं घरी जाऊन सांगू नका. त्यांचा घडा पुन्हा घडाच होतो. आपलं तेल पुन्हा तेल होत नाही. त्यांच्याकडून उत्तर घ्यायचं नाही, प्रश्न घ्यायचा : वस्तू बदलली म्हणता, तेव्हा काय उरलं आणि काय गेलं? सूनबाईंनी हा प्रश्न आधी विचारला असता, तर हात वाचले असते.