गवत, गॉगल आणि वाफ

नाशिकचा पाऊस म्हटला की आपल्याला सोमेश्वरचा धबधबा, पहिने आणि गरमागरम भजी आठवतात. माळीकाकांना मात्र आठवतं ते गवत! जुलैत आठ-दहा दिवस दुर्लक्ष केलं की हॉस्टेलच्या मागे गुडघाभर रान उभं राहतं. मग पेट्रोलवर चालणारं ब्रश कटर बाहेर निघतं आणि आपली रविवारची झोप मोडते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत वेलींच्या ओळींमधलं गवत कापायलाही हेच मशीन वापरतात. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी ते असेल.

आता मशीन चालवणाऱ्याकडे जरा नीट बघा. गॉगल बहुतेक वेळा असतो, पण कपाळावर! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वाफ धरते हो, काही दिसत नाही." ही तक्रार खरी आहे. धुरकट काचेतून फिरतं पातं चालवणं हाही धोकाच. त्यामुळे नुसतं "गॉगल घाला" असं सांगून प्रश्न सुटत नाही. वाफ न धरणारा गॉगल निवडता आला पाहिजे.

आधी धोका केवढा ते पाहू. समजा नायलॉन दोरीचं वर्तुळ ४० सेंटिमीटर व्यासाचं आहे आणि वेग मिनिटाला ६००० फेरे. फर्स्ट इयरचा फॉर्म्युला लावा. दोरीच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर! खडा त्याहून कमी वेगाने उडेल, पण डोळ्याला तेवढाही पुरेसा आहे. म्हणूनच मशीनच्या माहितीपुस्तकात इतरांना निदान १५ मीटर लांब उभं राहायला सांगितलेलं असतं.

खड्यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे गवताची काडी. काडीने बुबुळावर बारीकसा ओरखडा उठतो, दोन दिवस डोळा खुपतो आणि आपण सोडून देतो. पण त्या काडीवरची बुरशी जखमेत शिरली तर व्रण होतो आणि नजर कायमची जाऊ शकते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ साली तीन महिन्यांत बुबुळाच्या व्रणाचे ४३४ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या सुमारे ६५ टक्के लोकांच्या डोळ्याला आधी काहीतरी लागलेलं होतं. ज्यांच्या व्रणातले जंतू ओळखता आले, त्यांत जवळजवळ निम्म्यांना बुरशीचा संसर्ग होता.

आता वाफेकडे वळू. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर आठवून घाबरू नका, गणित सोपं आहे. गॉगलच्या आत, घामाने भिजलेल्या चेहऱ्याजवळ, हवा साधारण ३४ अंशांची आणि ओलीचिंब असते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. बाहेर पावसाळी हवा २७ अंशांची, त्यामुळे काच २८ अंशांच्या आसपास. त्या तापमानाला मावते सुमारे २७ ग्रॅम. उरलेले १० ग्रॅम जातील कुठे? बारीक थेंब होऊन काचेवर बसतील! काचेचं तापमान आतल्या हवेच्या दवबिंदूखाली गेलं की हे होणारच. मे महिन्यात काच आणि हवा दोन्ही तापलेली असतात, घामही लगेच सुकतो, म्हणून तेव्हा त्रास कमी. तोच गॉगल जुलैत, किंवा निफाडच्या डिसेंबरमधल्या सकाळी, दोन मिनिटांत पांढरा होतो. २०२० नंतर मास्क लावून फिरलेल्या चष्मेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

उपाय तीनच. वाफ बाहेर जाऊ द्या, थेंब बनू देऊ नका, किंवा काचच काढून टाका.

पहिला उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या बंद गॉगलपेक्षा बाजूला संरक्षक पट्टी असलेला सेफ्टी चष्मा कमी वाफ धरतो. बंद गॉगलमध्ये दोन प्रकार येतात. सरळ भोकांच्या गॉगलमध्ये हवा चांगली खेळते, पण बारीक भुसा आणि फवाराही आत येतो. आडवळणाच्या झडपांचा गॉगल औषधफवारणीला योग्य, पण तो वाफ जास्त धरतो.

दुसरा उपाय अँटी-फॉग लेप. हा लेप पाणी दूर लोटत नाही, उलट त्याला पसरवतो. थेंबांऐवजी पाण्याचा पातळ, सपाट थर बनतो आणि त्यातून आरपार दिसतं. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब बोटाने चोळून, कपड्याने हलकेच पुसला तरी तात्पुरता हाच परिणाम मिळतो, पण घामाने तो धुऊन जातो. आधीच लेप असलेल्या काचेवर हा प्रयोग करू नका.

तिसरा उपाय जाळीचा मुखवटा. काचच नाही, मग वाफ कुठून? ब्रश कटरसाठी तो छान, पण बारीक कण जाळीतून सहज आत येतात. म्हणून जाळीच्या आत सेफ्टी चष्मा हवाच. पावसाळ्यात गवत कापायला हीच जोडी आम्हाला सगळ्यात योग्य वाटते.

विकत घेताना काय पाहायचं? काच पॉलिकार्बोनेटची हवी. भारतीय मानक आयएस ५९८३ चा उल्लेख शोधा. अमेरिकन झेड ८७ च्या पुढे अधिकचं चिन्ह असेल तर काच वेगवान आघाताच्या चाचणीतून गेलेली असते. युरोपियन ईएन १६६ छापलेल्या काचेवर 'एन' अक्षर असेल तर ती वाफेच्या चाचणीत पास झालेली असते. पण ही चाचणी फक्त ८ सेकंदांची! म्हणजे 'एन' पाहून निर्धास्त होऊ नका, घालून पाच मिनिटं फिरून बघा. आणि हो, आपला नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी चष्मा नव्हे. त्यावर बसेल असा मोठा सेफ्टी चष्मा मिळतो.

वापरतानाही थोडं सांभाळा. कपाळाला घामाची पट्टी बांधा. नाकावर रुमाल असेल तर त्याची वरची कड चष्म्याखाली घट्ट बसवा. विश्रांती घेताना गॉगल कपाळावर सरकवू नका, तिथे घाम आणि उष्णता दोन्ही असतात. मशीन बंद करा आणि गॉगल गळ्यात सोडा. काच साध्या पाण्याने धुवून निथळू द्या. शर्टाच्या टोकाने कोरडी पुसली की लेप गेलाच समजा.

एवढं करूनही डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. रुतलेली वस्तू स्वतः काढू नका. दुखणं, लाली किंवा धूसरपणा राहिला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. मेडिकलमधून मनाने ड्रॉप्स आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर बुरशी आणखी बळावते.

शेवटी स्टाफला एक नम्र विनंती. मशीनच्या सर्व्हिसिंगचं बिल पास करताना त्यात दोन चांगले चष्मे आणि एक जाळीचा मुखवटा जरूर घाला. साधा सेफ्टी चष्मा एका पिझ्झापेक्षा स्वस्त मिळतो. आणि एनएसएसच्या श्रमदानात मशीन हातात घेणाऱ्या मित्रांनो, विषय राहिला तर एटीकेटी मिळते, डोळ्याला ती सोय नाही!