उशीर नेमका कशाला म्हणायचा?

दर्यापूरच्या एखाद्या तरुणाने पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' आज पहिल्यांदा ऐकला, तर खरा काळ हुकला म्हणून त्याची कीव केली जाते. मला हे पटत नाही. मार्च १९७३ मध्ये आलेला हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८ पर्यंत सातशेहून अधिक आठवडे होता. पहिल्या वर्षीच्या चाहत्यांच्या बळावर हे घडत नाही. मागून आलेल्यांनीच तो जिवंत ठेवला. मुंबईचे उदाहरण तर याहून बोलके आहे. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग बांधले. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पाचेक वर्षांनी शिकागोत ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत जन्मले, आणि २०१० मध्ये सिंग यांचा अल्बम पुन्हा निघाला तेव्हा दोहोंतले साम्य ऐकून जग चकित झाले. हे साम्य १९८२च्या श्रोत्याला ऐकू येणे शक्यच नव्हते.

यावर आक्षेप असा, की त्या काळाची हवा उशिरा येणाऱ्याला मिळत नाही. खरे आहे. पण मोठे नुकसान काळ करत नाही, आपली ऐकण्याची सवय करते. फ्लॉइडची गाणी एकमेकांत मिसळत जातात. मोबाइलने क्रम विस्कटला की ते सांधे तुटतात. शिवाय मूळ तबकडीत 'मनी' या गाण्यापासून दुसरी बाजू सुरू होई, म्हणजे त्याआधी उठून तबकडी उलटावी लागे. तो विराम आजही घेता येतो. सगळे मिळून त्रेचाळीस मिनिटांचे काम आहे.