शालेय आरोग्य तपासणी आणि आपले कर्तव्य

आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्याला स्वतंत्र स्थान आहे. काश्यपसंहिता तर बालकांच्या आरोग्यालाच वाहिलेली आहे. हा वारसा सांगणारे आपण शाळेतील मुलांपर्यंत कितपत पोहोचतो, याचा विचार व्हावयास हवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. जन्मजात दोष, आजार, पोषणातील उणिवा व विकासातील विलंब यांसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता अशी रचना आहे. म्हणजे या कार्याचा कणा आपल्यातीलच मंडळी आहेत. मात्र पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदाच येते. दोष आढळलेले मूल पुढील उपचारांस नेले गेले की नाही, हे पाहणारे गावात कोणी नसेल, तर ती नोंद कागदावरच राहते. ही उणीव गावातील दवाखान्याचा वैद्य भरून काढू शकतो.

फळ्यावरील अक्षर न दिसणारे मूल 'ढ' ठरते, तर कानाच्या विकाराने कमी ऐकू येणारे मूल हट्टी. घसा दुखून गेल्यावर सांधे सुजलेल्या मुलास वेळीच तज्ज्ञाकडे न पाठविल्यास हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्ताल्पता आढळली. ती पिढी आता शाळेच्या बाकांवर आहे.

कृमिचिकित्सेत चरकाचार्यांनी अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन ही त्रिसूत्री सांगितली आहे. शाळेत दिली जाणारी जंतनाशक गोळी आवश्यकच आहे, परंतु तिने केवळ कृमी बाहेर पडतात. हात धुणे, पायांत चप्पल व शौचालयाचा वापर हे निदानपरिवर्जन शिक्षकांना व पालकांना समजावणे आपल्याच हाती आहे.

या कार्यालाही पथ्य आहे. मुख्याध्यापकांच्या अनुमतीनेच जावे. शाळेत स्वतःची औषधे वाटू नयेत, दवाखान्याची जाहिरात करू नये. मुलाचा दोष वर्गात न उच्चारता पालकांनाच सांगावा. औषधालयचालकांनीही लोहाच्या गोळ्यांचा क्रम पूर्ण झाला का, याची पालकांकडे आपुलकीने विचारपूस करावी.

प्रत्येक सभासदाने येत्या शैक्षणिक वर्षात जवळची एक शाळा निवडावी, पथकाने पुढे पाठविलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांसमवेत पाहावी आणि त्यातील प्रत्येक मूल उपचारांपर्यंत पोहोचेतो पाठपुरावा सोडू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.