शंभर वॅट निघाले, पोचले किती?

गच्चीवर यागी अँटेना, खिडकीतून आत आलेली चपटी रिबन वायर आणि टीव्हीच्या पाठीला लावलेली बोटाएवढी डबी. दूरदर्शनच्या जमान्यात हे दृश्य घरोघरी असे. 300 ओहमची वायर आणि 75 ओहमचा टीव्ही यांचं जुळवून देणारी ती डबी म्हणजे बालुन. तिच्यात थोडी ऊर्जा वाया गेली, तर फार तर पडद्यावर मुंग्या वाढत.

ट्रान्समीटर जोडला की हे प्रकरण महागात पडतं. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींची आवडती, एका टोकाला जोडणी असलेली अर्धतरंग अँटेना घ्या. त्या टोकाला इंपीडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध) अडीच हजार ओहमच्या घरात असतो, केबलचा मात्र 50. म्हणून फेराइटच्या कड्यावर एकीकडे 2, दुसरीकडे 14 वेढे घालून ट्रान्सफॉर्मर बनवतात. वेढ्यांचं गुणोत्तर 7, इंपीडन्सचं त्याचा वर्ग, 49. एसडब्ल्यूआर (स्थिर तरंग गुणोत्तर, आदर्श 1) मीटर 1.2 दाखवतो आणि मालक खूश!

पण हा मीटर फक्त किती ऊर्जा परत आली ते सांगतो. अँटेनाऐवजी जोडायच्या रोधकाचा, म्हणजे डमी लोडचा एसडब्ल्यूआर तर जवळपास 1 असतो, आणि त्यातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. आतल्या आत जिरलेले वॅट या मीटरला दिसत नाहीत.

त्यासाठी आरपार मोजावं लागतं. एकसारखे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडायचे, म्हणजे दोन्ही टोकांना 50 ओहम मिळतात. खिशात मावणाऱ्या नॅनोव्हीएनए या मापनयंत्रावर (व्हीएनए) एकूण घट 1 डेसिबल आली, तर एकाच्या वाट्याला अर्धा. अर्धा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात 100 वॅटमधले सुमारे 11 कड्यातच राहतात. या पद्धतीत एक मेख आहे: दोघांचंही गुणोत्तर सारखंच चुकलेलं असेल, तरी निकाल झकास येऊ शकतो.

एकच नग असेल तर उच्च इंपीडन्सच्या बाजूला 2400 ओहमचा रोधक जोडून पुढे व्हीएनएचं 50 ओहमचं टोक लावतात. या रोधकामुळेच 16.9 डेसिबल घट दिसणार. ती वजा करून उरेल तो ट्रान्सफॉर्मरचा तोटा. रोधकाच्या तारा मात्र आखूड हव्यात, नाहीतर वरच्या बँडवर आकडे भरकटतात.

आणि शेवटी कडं तापतं किती, हेही पाहायलाच हवं. क्युरी तापमान ओलांडलं की फेराइटचे चुंबकीय गुण ढासळतात. त्याच्या कितीतरी आधी एसडब्ल्यूआर सरकू लागतो. बोलताना मधूनमधून उसंत मिळते, म्हणून गप्पांत थंड राहिलेलं कडं एफटी8 या डिजिटल पद्धतीवर चटका देऊ शकतं. तिथे आपल्या प्रत्येक 15 सेकंदांच्या पाळीत जवळजवळ 13 सेकंद पूर्ण शक्तीने प्रक्षेपण चालतं.